दोन खणांच्या डब्यातली आळी

कुठलंही नवं यंत्र हातात आलं की मी आधी त्याला कान लावते. माहितीपत्रक नंतर. पंखा घरघरतो का, हार्ड डिस्क सुरू होताना नीट गुणगुणते की खरवडल्यासारखा आवाज करते, बंद करताना हळूहळू शांत होते की दचकून थांबते, हे ऐकलं की त्या यंत्राशी अर्धी ओळख होते. उरलेल्या अर्ध्या ओळखीला दोन-तीन आठवडे लागतात. ती करून घेण्यासाठीच लोक मला बोलावतात.

पनवेलमध्ये मी बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं. जिने चढायला गुडघे कुरकुरायला लागले तसं दुकान आवरलं आणि एवढंच एक काम ठेवलं. कोणी एखादं महागडं यंत्र घ्यायच्या बेतात असेल तर ते आधी आपण वापरायचं, छळायचं, त्याची वायर मध्येच उपटायची आणि मग सांगायचं, घ्या किंवा घेऊ नका. माझी बहीण म्हणते, "तुला लोक खोड्या काढायला घरी बोलावतात आणि वर चहाही देतात." खरंच आहे ते.

अलीकडे माझ्याकडे सगळ्यात जास्त येतो तो दोन खणांचा डबा. दिसायला चपलांच्या खोक्याएवढा. पुढे दोन खण, प्रत्येक खणात एक हार्ड डिस्क, मागे नेटवर्कची वायर. तो एका कोपऱ्यात बसवला की घरातल्या किंवा ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरना, फोनना, टीव्हीला मिळून एक सामाईक कपाट मिळतं. फोटो, हिशेब, नकाशे, एक्स-रे, जे काही असेल ते एकाच जागी. आता खण दोन कशाला? तर दोन तऱ्हांनी वापरता येतात म्हणून. एक तऱ्हा अशी, की दोन्ही डिस्क जोडून एकच मोठी जागा करायची. भरपूर जागा मिळते, पण दोघींतली एक बिघडली की बहुतेक सगळंच बुडतं. दुसरी तऱ्हा म्हणजे दोन्हींवर तेच तेच लिहायचं, आरशासारखं. जागा निम्मीच मिळते, पण एक डिस्क मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत असतं. घ्यायला आलेला प्रत्येक माणूस पहिल्यांदा जागा मागतो. आरसा मागतो तो एकदा पोळलेला.

या डब्यांनी मला माणसंही छान दाखवली. एका दातांच्या डॉक्टरांनी आवाज नको म्हणून डबा लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवला होता. पेशंटना शांतता मिळाली, डबा मात्र आत उकडून निघाला. उलव्याच्या एका बिल्डरनं निळे दिवे आवडले म्हणून डबा स्वागतकक्षात मांडला होता. गिऱ्हाइकांना तो अभिमानानं दाखवायचा. मी खण उघडले तर आत डिस्कच नव्हत्या. दिवे लागत होते, एवढ्यावर सगळे खूश होते.

पण सांगायचंय ते इक्बालभाईंच्या डब्याबद्दल.

इक्बालभाईंचा फोटो स्टुडिओ पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आहे. पनवेल-उरणच्या गावागावांतली लग्नं त्यांनी शूट केली आहेत. आगऱ्यांच्या हळदी, कोळ्यांच्या वराती, त्यांच्या स्वतःच्या जमातीतले निकाह. त्यांच्या कॅमेऱ्यापुढे लाजलेल्या नवऱ्या आता आपल्या मुलींच्या लग्नाचं ठरवायला येतात. स्टुडिओ आता त्यांची मुलगी रुबीना चालवते. इक्बालभाई खुर्चीत बसून सगळ्यांना नावानिशी ओळखायचं काम करतात.

"नीलाताई, एकदा येऊन जा," त्यांचा फोन आला. "तपासायला डबा आणलाय. दुकानदार म्हणतो, महिनाभर वापरून बघा, नाही पटला तर परत करा. रुबीना म्हणते घेऊ या, मीही म्हणतो घेऊ या, तरी दोघांचं भांडण चालूच आहे."

गेले तर टेबलावर बिस्किटांचे पत्र्याचे डबे मांडलेले. त्यांत जुन्या हार्ड डिस्क, प्रत्येक जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळलेली. पूर्वी शूटिंग कॅसेटवर व्हायचं. आपल्याकडच्या दमट हवेनं कॅसेटना बुरशी धरायला लागली तेव्हा इक्बालभाईंनी एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. अख्खी. म्हणजे गाणी लावून सजवलेली फिल्म तर होतीच, पण तिच्या आधीचं कच्चं शूटिंगही जसंच्या तसं. भांडण होतं ते त्या कच्च्यावरून.

"आंटी, तुम्हीच सांगा," रुबीना म्हणाली. "आताच्या एका लग्नाच्या शूटिंगला त्या जुन्या कितीतरी लग्नांची जागा लागते. सीझन तोंडावर आलाय. मला दोन्ही डिस्क जोडून हव्यात."

"आणि एक गेली तर?"

"फायनल फिल्म मी क्लाउडवर पण ठेवते."

"आणि कच्चं?"

"कच्चं कोण बघतं? कॅमेरा खाली ठेवलाय, बंद करायचा राहिलाय, अर्धा तास जमिनीचं शूटिंग चाललंय, ते पण अब्बांनी जपून ठेवलंय!"

"लोकांची अमानत आहे ती," इक्बालभाई शांतपणे म्हणाले.

"लोकांची अमानत लोकांना देऊन झाली, अब्बा. हा उरलेला कचरा आहे."

मला दोघांचंही पटत होतं. रुबीनाला धंदा पुढे न्यायचा होता आणि जुन्या लग्नांसाठी तिला कोणी काही देत नव्हतं. बोलावलं होतं डबा तपासायला, पण अशा ठिकाणी माझ्याकडून निवाड्याची अपेक्षा असते हे मला सवयीनं कळतं. मी निवाडा टाळला. म्हटलं, "आधी आरसा लावून बघू. जोडायचं की नाही ते नंतर ठरवा."

डबा सुरू केला. आवाज चांगला होता, पंखा खालच्या पट्टीत. बिस्किटांच्या डब्यांतलं सगळं त्यावर उतरवायला बरेच दिवस गेले. रुबीनानं तेवढ्यात कच्चं शूटिंग वेगळं काढून एका फोल्डरमध्ये टाकलं आणि त्याला नाव दिलं, 'काढून टाकायचं'. इक्बालभाईंनी ते नाव वाचलं आणि चष्मा पुसत बसले.

मी माझ्या खोड्या काढत होते. कॉपी चालू असताना प्लग उपटला, लाइट आल्यावर डबा कुठून सुरुवात करतो ते पाहिलं. एका वेळी टीव्ही, दोन कॉम्प्युटर आणि फोन लावून दमतो का ते बघितलं. वर हात ठेवून दुपारच्या वेळी किती तापतो ते पाहिलं. मग आला माझा आवडता दिवस.

टीव्हीवर एका लग्नाची फिल्म लावली. हळद चालली होती. नवरदेवाच्या तोंडाला बायका मन लावून हळद फासत होत्या.

"पिक्चर बघत राहा," मी म्हटलं आणि चालू डब्याचा डावा खण ओढून डिस्क सरळ बाहेर काढली.

डबा किंचाळायला लागला. लाल दिवा लागला. इक्बालभाई खुर्चीतून उठलेच. "या अल्ला! नीलाताई, काय केलंत?"

"टीव्हीकडे बघा."

टीव्हीवर नवरदेव तसाच बसला होता. नाकात गेलेली हळद शिंकरत होता. चित्र थांबलं नाही की अडखळलं नाही. रुबीना टाळी वाजवून हसली. "मस्त! म्हणजे काही होत नाही."

मी रिकाम्या खणात नवी कोरी डिस्क सरकवली. आता उरलेली डिस्क स्वतःवरचं सगळं त्या नवीवर उतरवणार होती. हे काम एक-दोन दिवस चालतं. सगळा भार एकीवरच असतो, आणि तीही पहिलीच्याच वयाची असते. या कामात मला सगळ्यात जास्त धाकधूक त्याच वेळी वाटते.

काढलेली डिस्क मी पिशवीत टाकली.

"ती कुठे नेताय?" रुबीनानं विचारलं.

"घरी. समजा उद्या डबाच मेला आणि तसले डबे मिळायचे बंद झाले, तर ही डिस्क दुसऱ्या मशीनवर वाचता येते का ते बघायचंय."

"एवढं कोण बघतं, आंटी?"

"मी."

पण लगेच बघणं झालं नाही. चिरनेरला मावसबहिणीकडे पूजा होती, तिथे चार दिवस राहणं झालं. डिस्क माझ्या कपाटात पडून राहिली.

परत आले ती थेट स्टुडिओत गेले. नव्या डिस्कवर सगळं नीट उतरलं होतं, दोन्ही दिवे हिरवे होते. मी अजून पर्स खाली ठेवते आहे तोच जिन्यावर धापा ऐकू आल्या आणि एक बाई दारात उभी राहिली. पन्नाशीच्या पुढची, अंगानं भरलेली, हातात मासळीबाजाराची पिशवी.

"इक्बालशेठ, वळखलं का? मी सुमन. आमच्या दादाच्या लग्नाला तुमीच आलेलाव शूटिंगला."

इक्बालभाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "देवळाच्या मागचं घर. ये, बस."

विमानतळासाठी जी गावं उठली त्यांतल्या एका गावची ती माहेरवाशीण. लग्न होऊन करंजाला गेलेली. भाऊ आता उलव्याला फ्लॅटमध्ये राहतो.

"मना लगीन नाय बघायचं," ती म्हणाली. "घर बघायचंय."

रुबीनानं माझ्याकडे पाहिलं. सुमनताईंनी पाण्याचा पेला हातात धरून सगळं सांगितलं. "आमच्या ओट्याच्या बाजूला झाड होतं. दादा म्हनतो शेवगा. मी म्हनते चाफा. गनपतीत यावरनं आमचं एवढं वाजलं, जेवन तसंच टाकून मी घरी आले. मग घरी बसून विचार केला. गाव उठून काय लई वर्सं नाय झाली, आन् आमाला आमच्या दारातलं झाड आठवना. दोघांतला एक जन तरी खोटा हाय ना? उद्या घर कसं होतं त्ये पन नाय आठवायचं. घराचा एक पन फोटो नाय आमच्याकडं. फोटो मानसांचे काढतात, घराचा कोन काढतो?"

रुबीनानं डब्यावरून फिल्म लावली. मोठ्या अक्षरांत नवरा-नवरीचं नाव, मागे गाणं. सुमनताई पुढे सरकून बसल्या. वरात आळीत शिरली. घर दिसणार, तेवढ्यात पडद्यावर चारी बाजूंनी गुलाबाची फुलं आली. फुलं गेली तर बदामाचा आकार आला आणि त्यात नुसती नवरा-नवरी. परत घर दिसतंय असं वाटलं तर चित्र गरागरा फिरून मांडवात गेलं.

"घर कुठं हाय?" सुमनताई म्हणाल्या.

"तेव्हा लोकांना असंच आवडायचं," इक्बालभाई ओशाळले. मग त्यांचा चेहरा उजळला. "कच्च्यात असेल! कच्च्यात नक्की असेल. रुबीना, ते लाव."

रुबीनाचा हात माउसवरच थांबला होता.

"अब्बा, ते मी परवा काढलं."

"काढलं म्हणजे?"

"अख्खा फोल्डर. कचरापेटी पण रिकामी केली. नवीन लग्न आलं ना, जागा नव्हती. डबा मस्त चाललाय म्हणून..."

इक्बालभाई माझ्याकडे वळले. "पण त्यात दोन डिस्क आहेत ना, नीलाताई? एकीवरून पुसलं तर दुसरीवर असेल."

हा प्रश्न मला दर वेळी येतो आणि दर वेळी उत्तर देताना वाईट वाटतं. "नाही, इक्बालभाई. दोघी एकच हुकूम पाळतात. एकीवरून पुसलं की त्याच क्षणी दुसरीवरूनही जातं. डिस्क मेली तर डबा वाचवतो. आपल्या हातून गेलं तर नाही."

"मग जुनी डिस्क!" रुबीना घाईनं उठली. बिस्किटांच्या डब्यातून तिनं त्या वर्षाची डिस्क शोधली, फडकं सोडलं, वायर लावली. मी कान लावला. डिस्क फिरायला लागली आणि आतून आवाज आला, टक्. टक्. टक्. तो आवाज मी इतक्या वेळा ऐकलाय की पुढचं काही बघावं लागत नाही. रुबीना पुन्हा वायर लावायला गेली, मी तिचा हात धरला. डब्यावर उतरवून घेताना त्या डिस्कनं कसाबसा शेवटचा दम धरला होता, एवढाच त्याचा अर्थ होता.

इक्बालभाई ओरडतील असं मला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "कॅसेट तर मीच फेकल्या. बुरशी होती." आणि बसून राहिले.

सुमनताई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. "गेलं का?"

रुबीनाचे डोळे भरले होते आणि ती उगाचच फडक्याची घडी घालत होती. त्या घडीकडे बघता बघता मला माझ्या कपाटातली डिस्क आठवली.

खण ओढून ती मी बाहेर काढली तेव्हा फोल्डर डब्यात होता. नंतरचा पुसण्याचा हुकूम तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. पण ती दुसऱ्या मशीनवर उघडते की नाही, हे तर मला अजून बघायचंच होतं. मी तसं सांगितलं, आशा धरू नका असंही सांगितलं. सुमनताईंना म्हटलं उद्या या. रुबीनानं स्कूटर काढली आणि मला मागे बसवून माझ्या घरी आणलं.

माझ्याकडे एक जुना कॉम्प्युटर आहे, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा. असल्या बहुतेक डब्यांच्या पोटातही लिनक्सच असतं, म्हणून एकमेकांची भाषा त्यांना समजेल अशी माझी अटकळ होती. डिस्क लावली. कान लावला, आवाज चांगला होता. पण फाइल दिसेनात. कॉम्प्युटरचं म्हणणं होतं, ही एका जोडीतली आहे, हिची जोडीदार कुठे आहे? जोडीदार आल्याशिवाय तो तिला आत घेईना.

खरं सांगते, रुबीनाचा जीव टांगणीला लागला होता आणि मला त्या अडचणीची मजा वाटत होती. इतकी वर्षं झाली तरी हा क्षण मला सोडत नाही. यंत्र नाही म्हणतं तेव्हा ते का नाही म्हणतं हे शोधायचं. शेवटी त्याला पटवलं, की जोडीदार येणार नाही, हिला एकटीलाच घे, आणि हिच्यावर काही लिहू नकोस, फक्त वाच. थोडा वेळ काहीच नाही. मग फोल्डरांची रांग उघडली. तिच्यात एक होता, 'काढून टाकायचं'.

रुबीनानं आत सुमनताईंच्या भावाचं लग्न शोधलं. होतं. ती मागे टेकली आणि म्हणाली, "आंटी, पाणी द्याल का?"

मी आधी सगळ्याची दुसऱ्या डिस्कवर नक्कल करायला लावली. पाणी मग दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनताई स्टुडिओ उघडायच्या आधीच जिन्यावर बसल्या होत्या. रुबीनानं कच्चं शूटिंग लावलं. आधी जमीन दिसली, मग कोणाची तरी चप्पल. रंग जुळवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे धरलेला पांढरा कागद. मग कॅमेरा स्टँडवर बसला आणि आळीकडे तोंड करून तसाच चालू राहिला, बहुधा नवरदेवाची वाट बघत. गाणं नाही, फुलं नाहीत. कोंबड्यांचा आवाज, लांबून बँडची तालीम, सारवलेला ओटा, कौलं, ओट्याच्या कडेला वाळत घातलेली घोंगडी. आणि बाजूला झाड.

झाड शेवग्याचं होतं. शेंगा लटकत होत्या, कुणी नाही म्हणू नये इतक्या स्पष्ट.

तेवढ्यात घरातून एक बाई हातात ताट घेऊन बाहेर आली, कॅमेऱ्यासमोरून जाता जाता थांबली आणि सरळ आमच्याकडे बघून म्हणाली, "चा घेतलास का रं पोरा?"

कॅमेऱ्यामागून एका तरुण मुलाचा आवाज आला. "घेतला, काकी. अजून एक चालेल."

बाई हसली आणि निघून गेली. ओटा परत रिकामा झाला.

इक्बालभाई स्वतःचा आवाज ऐकून खुर्चीत ताठ बसले होते. सुमनताई पडद्याकडे बघत होत्या. "आमची आयस," त्या म्हणाल्या. "फिल्लममधी आयस कुठंच बोलत नाय. नुसती उभी राहते." मग रुबीनाला म्हणाल्या, "परत लाव गो."

ते किती वेळा लावलं मला आठवत नाही. झाडाकडे त्यांनी परत बघितलं नाही. निघताना मात्र जिन्यावरून वळून म्हणाल्या, "दादाला शेवग्याचं नका सांगू."

त्या दिवशी घरी जाताना माझ्या मनात एक गोष्ट आली ती अजून जात नाही. दुकानात लोक मरायला टेकलेली डिस्क घेऊन यायचे तेव्हा मी पहिला प्रश्न विचारायची, "यातलं महत्त्वाचं काय?" आणि ते सांगतील ते आधी वाचवायची. उरलेलं बऱ्याचदा राहून जायचं. धंद्याची रीतच ती, दुसरी असूही शकत नाही. पण त्या उरलेल्यात कोण कोण चहा विचारत होतं, हे आता कळायचा मार्ग नाही.

माझा निकाल मी आठवड्याभरानं दिला. डबा घ्या, आरसा ठेवा. लाइट गेल्यावर नीट बंद व्हायला वेळ मिळावा म्हणून खाली बॅटरी बसवा. पुसलेलं काही दिवस परत मिळवता यावं, तशी सोय डब्यातच आहे, ती चालू करा. आणि हे सगळं केलं तरी अजून एक नक्कल या इमारतीत ठेवू नका. ती आता इक्बालभाईंच्या बहिणीकडे उरणला असते, तिच्या लग्नातल्या भांड्यांच्या शेजारी. जागेचा प्रश्न रुबीनानं स्वतःच सोडवला. नव्या लग्नांचं कच्चं शूटिंग आता ती गिऱ्हाइकांना त्यांच्याच डिस्कवर देऊन टाकते. जुन्याच्या फोल्डरचं नाव मात्र बदललं, आणि सुमनताईंच्या गावची लग्नं तिनं वेगळ्या फोल्डरमध्ये काढली. आता तिथे फक्त त्या गावाचं नाव आहे.

ते नाव तिनं का दिलं हे मला नंतर कळलं. एक दिवस तिचा फोन आला. "आंटी, त्याच आळीतली अब्बांनी अजून किती लग्नं केलीत माहितीय? प्रत्येक लग्नात कॅमेरा दुसऱ्या दारासमोर ठेवलाय. मी सुमनताईंना बोलावलंय. कुठल्या घराशेजारी कुठलं घर, ते त्या सांगतायत."

कचरा म्हणणारी हीच मुलगी! पुढचे कितीतरी दिवस ती आणि सुमनताई टीव्हीपुढे बसून होत्या. पडद्यावर एक लग्न उन्हाळ्यातलं, दुसरं दिवाळीनंतरचं. एका घरासमोर पोरं लहान, पुढच्या घरासमोर तीच पोरं मिसरूड फुटलेली. पण भिंतीला भिंत जुळत गेली. सुमनताईंचे दादाही यायला लागले. मग आणखी लोक. एकदा इतक्या जणांनी एकदम आपापल्या फोनवर बघायला सुरुवात केली की डबा दमून बसला. मी ती नोंद माझ्या तपासणीत घेतली. एवढ्या माणसांसाठी तो बनवलेला नव्हता.

रुबीनानं त्या तुकड्यांची एक फिल्म केली. उठलेल्या गावाला मिळालेल्या नव्या वसाहतीतल्या हॉलमध्ये रविवारी सकाळी ती दाखवायची ठरली. मीही गेले. खुर्च्या कमी पडल्या, पुढे सतरंजीवर बायका बसल्या. फिल्ममध्ये काही घडत नव्हतं. वेशीपासून आळीत शिरायचं आणि एकेका दारावरून पुढे जायचं, बस. पण प्रत्येक दार आलं की हॉलमधून कोणीतरी ओरडायचं, "आमचा! आमचा!" एका म्हाताऱ्यानं आपला बैल ओळखला. विहीर आली तेव्हा बायकांनी एकदम बोलायला सुरुवात केली आणि कोणाचंच काही कळेना.

आणि मध्येच पडदा काळा झाला.

लोकांना वाटलं बिघडलं. माझाही हात खुर्चीवरून उठला. पण आवाज येत होता, सुमनताईंचा, रुबीनानं आधी घेतलेला. "हे कमलीचं घर. हिच्या लग्नाला शूटिंग नव्हतं. मागनं पन कुनाचं झालं नाय. म्हनून दिसत नाय. दार उजव्या अंगाला. पुढं पान्याचा रांजन..."

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला.

"नाय गो सुमन! दार डाव्या अंगाला होतं. माझं घर, मना ठावं नाय?"

सगळे वळले. मागे एक वाळकीशी म्हातारी बाई उभी राहिली होती, एक हात कमरेवर. लोक हसायला लागले. सुमनताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

रुबीनानं फिल्म थांबवली. हातातला फोन रेकॉर्डिंगला लावून ती माणसांतून वाट काढत मागे गेली आणि त्या बाईच्या पुढ्यात जमिनीवर बसली.

"काकी, तुम्हीच सांगा आता. पहिल्यापासून. दार डाव्या हाताला. मी दारातून आत आले. समोर काय आहे?"

कमळाबाईंनी पदर सारखा केला. फोनकडे बघितलं, रुबीनाच्या पायांकडे बघितलं.

"आधी चपला काढ," त्या म्हणाल्या.